ऑनलाइन मराठी ज्ञानकोशातला ‘सिंह’ हा लेख सुधारायचा आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या वाक्यापासून. ‘सिंह हा जंगलाचा राजा’ असं काही तिथं असेल तर आधी ते उडवा. राजा म्हणा, महाराजा म्हणा, माझा आक्षेप जंगलाला आहे. सिंह उघड्यावरचा प्राणी. सेरेंगेटीचं गवत, कलहारीचा रखरखाट, विरळ झाडी, काटेरी झुडपं हे त्याचं घर. काँगोच्या सदाहरित अरण्यात आत तो राहतच नाही. अंगाचा रंग बघा, वाळल्या गवताचा आहे.

एवढं तावातावानं सांगतोय कारण मी सोलापूरचा. इथं सिंह नाही, पूर्वीची त्याची हद्दही नर्मदेपाशी संपते असंच मानतात. पण माळरान म्हणजे काय ते आम्हाला कळतं. म्हणजे निदान कळायला हवं.

माझे थोरले साडू प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. नान्नजच्या अलीकडे त्यांचं रान आहे, तिथं हुरड्याला सगळा गोतावळा जमला होता. आगटीभोवती बसलेलो, गरम कणसं चोळून तळवे काळे झालेले, पत्रावळीवर शेंगाचटणी नि दही. साडूंची नात शाळेच्या प्रकल्पासाठी फोनवर सिंहाचा लेख मोठ्यानं वाचत होती. ‘सिंह घनदाट जंगलात राहतो.’ मी म्हटलं, नाही गं बाळा, तो असल्याच माळावर राहतो. समोर दिसतच होतं की सगळं: गुडघाभर कुसळी गवत, मधूनच एखादी बोर, लांबवर काळविटांचा कळप. साडू फस्सकन हसले. ‘अहो, सिंह काय शेळी हाय व्हय, माळावर ऱ्हायला? पडीक जमीन ही. झाडं लावली तर जंगल हुईल, न्हाईतर प्लॉट पडतील.’ सगळे हसले. आमची हीसुद्धा.

त्याच रात्री लेखातलं ते वाक्य बदललं, संदर्भासकट. सकाळी उठून बघतो तर बदल उलटवलेला. कारण काय, तर ‘सर्वमान्य माहिती बदलू नये’. संदर्भ उघडून बघायची तसदी कुणी घेतलेली नाही. मग चर्चापानावर मुद्देसूद मांडलं, पुन्हा बदल केला, तेव्हा कुठं टिकला. तुम्हीही तसंच करा: आधी चर्चापान, मग संदर्भ, मग वाक्य. मोठा बदल आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा आणि इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतर करून ओतू नका, ते वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं.

बाकी दुरुस्त्या भरपूर निघतील. गीरच्या सिंहांची संख्या २०१५ ला ५२३, २०२० ला ६७४ आणि २०२५ ला ८९१. जुना आकडा पुसू नका, साल घालून तिन्ही ठेवा. आशियाई सिंह ही वेगळी उपजात असं लिहिलेलं असेल तर तेही जुनं झालं. २०१७ च्या वर्गीकरणात तो उत्तर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एकाच उपजातीत घातलाय. सिंहीण मारते आणि सिंह आयतं खातो हेही अर्धवट. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नरही शिकार करतात, दाट झाडीत दबा धरून. (झाडी आली म्हणून साडू खूश होतील, होऊ देत.) आणि मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाचा परिच्छेद हवाच. सगळे सिंह एकाच भागात राहिले तर एका साथीत संपतील म्हणून दुसरं घर हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये काही सिंह कुनोत हलवायचा आदेश दिला, २०१८ मध्ये गीरमध्ये डिस्टेंपर या विषाणूच्या साथीनं सिंह मेलेही, आणि २०२२ मध्ये कुनोत आले कोण, तर नामिबियाचे चित्ते!

पण अधिवासाचा विभाग सगळ्यात नीट लिहा, हात जोडून सांगतो. गवताळ माळ पडीक नसतो. आमच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. त्या पक्ष्याला लांबवर नजर पोचायला लागते. गवतात झाडं लावली की तो उठून जातो. आता दिसला तर नशीब. लांडगा, खोकड, काळवीट, सगळ्यांचं बिऱ्हाड त्याच गवतात. एवढं असून आमच्याकडं दर पावसाळ्यात कुणीतरी उत्साहानं माळावर खड्डे घेतं आणि पेपरात फोटो छापून आणतं.

आता एक खरं सांगायला हवं. खुद्द गीरमध्ये सागाचं जंगल आहे. साडूंनी मागच्या दिवाळीत मला हे बरोब्बर ऐकवलं. पण तो साग पानगळीचा, मधे गवताचे पट्टे आणि काटेरी झुडपं, आणि आज निम्म्याहून जास्त सिंह त्या जंगलाबाहेर, अमरेली-भावनगरकडच्या शेतांत नि झुडपांत फिरतात. तेव्हा ‘जंगलात राहतच नाही’ असंही लिहू नका, दोन्ही लिहा. आणि तिथं आहातच तर माळरानावरचा लेखही उघडून बघा. ‘पडीक’ असं कुठं दिसलं तर हात लावू नका, मला कळवा. त्याच्याकडं मी बघतो.