बेरीज होत नाही, आकडे चिकटतात

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन मी पायथनच्या पांडासमध्ये (तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत) घेतोय. सकाळच्या पाळीचे काका मोबाइलवर मराठी आकडे टाइप करतात, संध्याकाळचे कन्नड, आणि जुनी फाइल इंग्रजी आकड्यांत आहे. लिटरच्या कॉलमची बेरीज मागितली की आकडे एकापुढे एक चिकटून लांबलचक ओळ येते. अ‍ॅसटाइप फ्लोट केलं (म्हणजे कॉलमचे दशांश आकडे करायला सांगितले) तर एरर. काय करू?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : दादा, आकडे चिकटतात याचा अर्थ तो कॉलम मजकूर म्हणून वाचला गेलाय. मजकुराची बेरीज म्हणजे जोडाजोड. डीटाइप्स (कॉलमांचे प्रकार) छापून बघा, लिटरपुढे ऑब्जेक्ट किंवा नव्या आवृत्तीत एसटीआर, म्हणजे मजकूर, दिसेल. अख्ख्या कॉलमात एखाद्याच खान्यात 'आले नाहीत' असं लिहिलेलं असलं, तरी पांडास बाकीच्या आकड्यांनाही मजकूरच धरतं.

तीन लिप्यांची मात्र तुम्ही उगाच धास्ती घेतलीय. पायथनच्या फ्लोटला मराठी आणि कन्नड आकडे दोन्ही कळतात. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना याहून काय हवं! एक लहानसं फंक्शन लिहा : आत फ्लोट, ट्राय-एक्सेप्ट लावलेलं (एरर आला तरी न थांबणारं), जमलं नाही तर नॅन (आकडा नाही, रिकामी जागा) परत करणारं. ते मॅपने कॉलमवर चालवा, पण उत्तर नव्या कॉलमात ठेवा. जुना पुसू नका.

आता खरं काम. नव्या कॉलमात नॅन आणि जुन्यात काहीतरी लिहिलेलं, अशा ओळी वेगळ्या काढून वाचा. मी पतसंस्थेच्या लेजरवर वाढलेली बाई, मला या उरलेल्या ओळीच सगळ्यात बोलक्या वाटतात. कुठे लिटरापुढे 'ली.' चिकटलेलं असेल, कुठे दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम. तसलं एसटीआर.रिप्लेसने साफ करून फंक्शन पुन्हा चालवा. 'आले नाहीत' आहे तिथे नॅनच राहू द्या. बरेच जण टू-न्यूमेरिकला एरर्स कोअर्स देतात (न जमलेल्याचं नॅन), वर फिलएनए शून्य करतात (नॅनच्या जागी शून्य) आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. नॅनच्या जागी शून्य भरल्याने बेरीज बदलत नाही, पण सरासरी खाली घसरते, कारण न आलेला सभासद शून्य लिटर घालून गेला असं होतं.

रकमेच्या कॉलमातली '/-' ही शेपटी आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम आधी काढा. आकडे इंग्रजी असतील तर फाइल वाचतानाच थाउजंड्समध्ये स्वल्पविराम दिला तरी चालतं, आपली लाखाची मांडणी त्याला अडत नाही. पण शेपटी असेल तर त्याचा उपयोग नाही. जनावरांच्या संख्येत रिकामे खाने असतील तर साधा इंट (पूर्णांक) नको म्हणतो आणि २ चे २.० होतात. तिथे मोठ्या आयचा इंट६४ वापरा, तो रिकामी जागा चालवून घेतो.

सभासद क्रमांकाला मात्र हात लावू नका. ०१७ चा आकडा केला की १७ उरतो, आणि बँकेच्या यादीत ०१७ मजकूर असेल तर मर्जच (दोन याद्यांची जुळणी) होत नाही. फाइल वाचतानाच त्या कॉलमला डीटाइप एसटीआर द्या. नंतर मजकूर करून गेलेलं शून्य परत येत नाही.

तारखेचं तुम्ही विचारलं नाही, पण तिथेच अडकाल. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. पांडास आपणहून ४ मार्च धरतं. पांडासच्या २.० (एप्रिल २०२३) आधीच्या आवृत्त्या १३ तारखेपासून पुढे आपणहून दिवस आधी मानायच्या, म्हणजे एकाच कॉलमात दोन पद्धती आणि एररही नाही. २.० पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि न बसणारी तारीख आली की एरर येतो, ते बरं झालं. टू-डेटटाइमला फॉरमॅट स्पष्ट द्या : दिवस, महिना, चार अंकी वर्ष. नुसत्या डेफर्स्टवर ('दिवस आधी' या पर्यायावर) विसंबू नका, तो काटेकोर नाही.

एवढं झालं की बेरीज काढा आणि एका दिवसाची वहीशी ताडून बघा. संध्याकाळच्या पाळीचा दिवस घ्या.