इंजिन डिझेलचे, आरसी पेट्रोलची: जुनी जीप विकण्यापूर्वी

प्रश्न: माझ्या दिवंगत वडिलांच्या नावावर १९७४ सालची पेट्रोल जीप आहे. सुमारे १९९४ मध्ये त्यांनी एका गॅरेजमधून तिला डिझेल इंजिन बसवून घेतले. मात्र आरसी बुकात इंधन अजून पेट्रोलच आहे आणि इंजिन क्रमांकही जुनाच आहे. नोंदणीची मुदत संपून काही वर्षे झाली. डोंगरवाटांवर गाडी चालवण्याची आवड असलेले एक गृहस्थ ती घ्यायला तयार आहेत. ‘तुम्ही फक्त फॉर्मवर सह्या करून द्या, बाकी मी पाहतो’ असे ते म्हणतात. असा व्यवहार करावा का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: करू नये. खरेदीदार सज्जन असला तरीही करू नये. विक्रीमुळे कागदातला दोष जात नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगणात जातो, आणि आपल्या व्यवहारात तर तो पुरता जातही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले असते तोच मालक मानला जातो. एकामागून एक अनेक हातांतून विकल्या गेलेल्या, परंतु कागदोपत्री पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. आपल्या बाबतीत कागदावरचे मालक हयात नाहीत. त्यामुळे उद्या काही विपरीत घडले, तर दावेदार वारसांचे, म्हणजे आपले, दार ठोठावतील. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षे तशीच फिरवण्याची रीत आपल्याकडे फार रुळली आहे आणि तिच्यापायी कितीतरी घरे नाहक कोर्टाच्या खेपा घालत असतात. शिवाय हयात नसलेल्या मालकाच्या वतीने अशी सही करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून सुरुवात वारसाच्या नावाने नोंद करण्यापासून करावी. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास, म्हणजे आरटीओला, कळवावे आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, विलंबाचा भुर्दंड मात्र पडतो. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती या तीन गोष्टी आधी हाताशी ठेवाव्यात. भावंडांची संमती तोंडी आहे एवढ्यावर थांबू नये.

आता मूळ अडचणीकडे, म्हणजे इंजिनाकडे येऊ. वडिलांनी ते का बदलले असेल हे समजण्यासारखे आहे. त्या काळच्या जीपचे सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन दणकट होते, पण पेट्रोल फार पीत असे. डिझेल इंजिन हळू फिरतानाही जास्त ओढ देते, चिखलात आणि चढावर बिनतक्रार चालते आणि खर्चालाही परवडते. खेड्यापाड्यांतल्या शेकडो जीप अशाच बदलल्या गेल्या. परंतु बदल शहाणपणाचा होता की नाही हा एक प्रश्न आणि तो नोंदवला होता की नाही हा दुसरा. कायदा दुसराच प्रश्न विचारतो.

कायद्याच्या कलम ५२ चा रोख २००० सालच्या दुरुस्तीपूर्वी असा होता की, आरसीतील तपशील खोटा ठरेल असा बदल करण्याआधी प्राधिकाऱ्यास कळवून त्याची मान्यता घ्यावी. दुरुस्तीनंतर भाषा कडक झाली: उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, आणि वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी इंजिनात बदल करायचा तर तो विहित अटींच्या चौकटीतच करावा. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कठोर अर्थ मान्य केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही आणली.

यातून आपल्यासाठी एक उपयोगी गोष्ट निघते. आपल्या जीपमधला बदल १९९४ चा आहे, म्हणजे जुनी तरतूद लागू असतानाचा. त्या वेळी परवानगी घेतली नसली, तरी बदल त्याच काळात झाला हे दाखवता आले, तर प्राधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडायला आधार मिळतो. म्हणून घरातल्या पेट्या, फायली, वडिलांच्या वह्या शांतपणे चाळाव्यात. गॅरेजचे बिल, इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रत, इंजिन विकत घेतल्याची पावती, विम्याच्या जुन्या पॉलिसीवर डिझेल असा उल्लेख, यांपैकी जे सापडेल ते मोलाचे आहे. इंजिन चोरीच्या गाडीतले नाही हे सिद्ध करण्यासाठीही हेच कागद लागतात. ज्या इंजिनाचा मागचा पत्ता लागत नाही, ते कोणताही निरीक्षक मान्य करायला कचरणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

कागद गोळा झाले की आरटीओ कार्यालयात जाऊन सारी हकिकत अर्जात जशीच्या तशी लिहावी. एजंटाने ‘इंजिन नंबरची प्रिंट जमवून देतो’ असे सुचवले, तर तिथूनच परत फिरावे. इंजिनावरचा क्रमांक घासणे किंवा नवा ठोकणे हा सरळ फौजदारी गुन्हा आहे आणि तसे झाल्यावर आज सुटू शकणारा प्रश्न कायमचा अडकतो.

नोंदणीची मुदत संपलेली असल्याने फॉर्म २५ द्वारे नूतनीकरण करावेच लागेल आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागेल. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर वेळी ५ वर्षांची. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क बरेच वाढले आहे, उशिराच्या प्रत्येक महिन्याचा वेगळा आकार पडतो, शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण कर आहे. हा सगळा हिशेब कार्यालयातून आधीच काढून घ्यावा, म्हणजे विक्रीची किंमत ठरवताना फसगत होणार नाही.

पीयूसीच्या बाबतीत विसंगती आपोआप उघडी पडते. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात; डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात आणि जुन्या गाड्यांना तिची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर कोणतीही चाचणी केली तरी प्रमाणपत्र आणि गाडी जुळत नाहीत. विम्याचेही तेच. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

तपासणीपूर्वी एका जाणत्या मेकॅनिककडून गाडी नीट पाहून घ्यावी, कारण जुनी रूपांतरे बहुधा निगुतीने झालेली नसतात. डिझेल इंजिन जड असते आणि त्याचे हादरे मोठे असतात; इंजिन माउंटिंगपाशी चेसिसला तडे गेले आहेत का हे आधी पाहावे. इंजेक्शन पंपाकडून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी मूळ पेट्रोल टाकीला नसते, ती नंतर कशी जोडली आहे ते पाहावे. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, असेल, तर पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळीतून) मिळणारा व्हॅक्यूम डिझेल इंजिनात तसा मिळत नाही, त्यासाठी स्वतंत्र पंप लागतो आणि तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. हा पंप थकलेला असेल, तर उतारावर ब्रेक पेडल दगडासारखे घट्ट होते. या गोष्टी खरेदीदाराला लेखी सांगाव्यात. ती गाडी डोंगरातच जाणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे सांगणे आपले कर्तव्यच आहे.

बदलाची नोंद झाली आणि नूतनीकरण मिळाले की विक्री सोपी आहे. विक्री कळवण्याचा फॉर्म २९ आणि मालकी बदलण्याचा फॉर्म ३० दोघांनी पूर्ण भरून, तारीख घालून सह्या कराव्यात. खरेदीदार राज्यातलाच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत, आणि त्या वेळी फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. नाव बदलून घेण्यासाठी खरेदीदाराला ३० दिवस असतात. गाडी, किल्ली आणि उरलेली रक्कम यांची देवघेव आरसीवर नवे नाव दिसल्यानंतरच व्हावी, असा करार करून ठेवावा.

प्राधिकाऱ्याने बदल नाकारला, तर दोनच प्रामाणिक वाटा उरतात. मूळ जातीचे पेट्रोल इंजिन पुन्हा बसवून त्याची नोंद करावी, किंवा गाडी अधिकृत भंगार केंद्राला देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. वडिलांची गाडी तोडायला मन घेणार नाही हे मी जाणतो. मी पहिल्या वाटेसाठी थोडा खर्च सोसायला सांगेन.

प्रश्न: मी एका शेतकऱ्याकडून लष्करी लिलावातली जोंगा (लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी) घेण्याच्या विचारात आहे. तिला डिझेल इंजिन बसवले आहे, नोंदणी मात्र कधीच झालेली नाही. मी ती फक्त माझ्या शेतात आणि खाजगी जागेत चालवणार असल्याने नोंदणीची गरज नाही, असे विकणारा म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. कलम ३९ ‘सार्वजनिक जागी किंवा अन्य कोणत्याही जागी’ विनानोंदणी वाहन चालवण्यास मनाई करते, त्यामुळे शेताच्या बांधाआड गाडी ठेवल्याने सूट मिळत नाही. जबलपूरला बनलेल्या जोंगाचे सहा सिलिंडरचे, सुमारे ४ लिटरचे पेट्रोल इंजिन सांभाळणे महाग पडत असल्याने लिलावानंतर ते बदलण्याची प्रथा पडली. लष्करातून बाहेर आलेल्या गाडीची पहिली नोंदणी संबंधित अधिकाऱ्याने दिलेल्या फॉर्म २१ च्या विक्री प्रमाणपत्रावर होते आणि ते लिलावात बोली जिंकणाऱ्याच्या नावे असते. विकणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, त्यावरचा चेसिस क्रमांक गाडीवर वाचता येतो का आणि मूळ बोलीदारापासून आजवरची कागदांची साखळी अखंड आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर गाडी कितीही मनात भरली तरी सोडून द्यावी.

प्रश्न: माझी जीप ५० वर्षांहून जुनी आहे आणि तिलाही डिझेल इंजिन आहे. तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होईल का?

उत्तर: सध्याच्या स्थितीत होणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकीच व्हिंटेज ठरते. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी असते, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी ती सोय नाही. आपल्या गोठ्यात किंवा पडवीत मूळ पेट्रोल इंजिन अजून पडून असेल, तर मात्र चित्र वेगळे आहे. त्याच्यावरचा क्रमांक आरसीशी जुळवून पाहावा, त्याला तेल घालून झाकून ठेवावे आणि जीप विकताना ते भंगारवाल्याला न देता गाडीबरोबरच द्यावे.