वाचकांचे प्रश्न : वर्गासाठी ऑनलाइन पाठ कसा घडवावा?

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. सुट्टीत ‘धाराविद्युत’ या प्रकरणाचे चाळीस-चाळीस मिनिटांचे सहा व्हिडिओ तयार करून गूगल क्लासरूमवर ठेवले. मुलांनी ते घरी पाहून यावेत आणि वर्गात आम्ही उदाहरणे सोडवावीत, अशी कल्पना होती. बहुतेक मुले सुरुवातीची काही मिनिटे पाहून सोडून देतात; जी पूर्ण पाहतात, त्यांनाही विचारले तर सांगता येत नाही. शेवटी मी सगळे पुन्हा शिकवते. माझे कुठे चुकते? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण घेतलेले कष्ट वाया गेलेले नाहीत, पण आपण तयार केले ते तासाचे चित्रीकरण आहे, स्वतंत्र पाठ नव्हे. वर्गात आपण चाळीस मिनिटे बोलता तेव्हा मुलांचे चेहरे पाहत असता, मध्येच थांबता, एखाद्याला उभे करून विचारता, फळ्यावरचे पुसून पुन्हा काढता. चित्रीकरणात हे सारे गळून जाते आणि उरते ते केवळ बोलणे. एडएक्स या अमेरिकी संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असे त्यात आढळले. तिथे विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवून आलेले होते. रात्री घरातला एकुलता एक फोन मिळेल तेव्हा बसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाकडून आपण त्याहून अधिक अपेक्षा करू नये.

मात्र, व्हिडिओचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून हा प्रश्न सुटणार नाही. तुकडे झाले तरी मुलाच्या वाट्याला ऐकणेच येते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांच्या चार अंगांतही व्हिडिओ हे एकच अंग आहे, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन ही उरलेली तीन. म्हणून माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की, पाठाची मांडणी व्हिडिओपासून सुरू न करता दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्याला जी चर्चा घडवायची आहे तिच्यापासून सुरू करावी.

आपल्याच प्रकरणाचे उदाहरण घेऊ. विजेचा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली मुलांची एक घट्ट समजूत अशी की, विद्युतधारा दिव्यात ‘खर्च’ होते. एकाच घटाला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक, लावले तर कोणता अधिक प्रकाशेल, असे विचारले की अनेक मुले पहिला म्हणतात, कारण वीज त्याच्याकडे आधी पोहोचते. पाठात सर्वांत आधी हाच प्रश्न यावा, कोणतेही स्पष्टीकरण देण्यापूर्वी, आणि मुलाने उत्तराबरोबर एका वाक्यात कारणही लिहावे. त्यानंतर चार मिनिटांचा व्हिडिओ पुरे : आपल्या प्रयोगशाळेतले टेबल, आपलाच हात, आपलाच आवाज, अमीटर (विद्युतधारा मोजणारे उपकरण) पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या पुढे असा तीन ठिकाणी जोडून प्रत्येक वेळी तोच आकडा दिसतो, एवढेच त्यात असावे. रंगीत हलती चित्रे आणि पार्श्वसंगीत यांच्यासाठी रात्री जागवू नयेत. मुलाला अमीटरचा काटा नीट दिसणे महत्त्वाचे.

मग मुलाने स्वतः जोडणी करून पाहावी. भौतिकशास्त्रातील नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विद्युत परिपथ जोडण्याचे विनामूल्य सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहण्याचा आभासी प्रयोग, आहे. ते उतरवून घेतले तर इंटरनेटविनाही चालते.

शेवटी प्रश्नावली येते, आणि माझ्या मते शिक्षकाचा सर्वाधिक वेळ इथे जायला हवा. चुकीचे पर्याय मनाने रचू नयेत; गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढाव्यात आणि मुलांनी खरोखर केलेल्या चुका पर्याय म्हणून ठेवाव्यात. गूगल फॉर्म्समध्ये निवडलेल्या उत्तरानुसार वेगळ्या विभागाकडे नेण्याची सोय आहे. ‘पहिला बल्ब’ निवडणारा मुलगा अमीटरच्या तीन छायाचित्रांकडे जावा आणि ‘दोन्ही सारखे’ निवडणाऱ्यापुढे तिसरा बल्ब जोडल्यास काय होईल हा प्रश्न यावा. प्रश्नावलीला मी एवढे महत्त्व देतो त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. ‘व्हिडिओ दोनदा पाहिला, सगळे समजले’ असे मुले मनापासून सांगतात आणि आठवड्याने गप्प होतात, ते का, हे यावरून उमगते.

आता आपल्या पत्रातले ‘शेवटी मी सगळे पुन्हा शिकवते’ हे वाक्य. आपण सगळे पुन्हा शिकवता, म्हणून मुले घरी पाहत नाहीत. जे उद्या वर्गात मिळणारच आहे त्यासाठी आज वेळ का द्यावा, हा त्यांचा हिशेब अगदी बरोबर आहे. तासाच्या आधी दहा मिनिटे काढून उत्तरे वाचावीत, किती जणांनी पहिला बल्ब म्हटले ते फळ्यावर लिहावे आणि तिथून तास सुरू करावा. जे पाहून आलेले नाहीत त्यांना मागच्या बाकावर तोच चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवावा. रागावू नये, पण सर्वांसाठी पाठ पुन्हा सांगूही नये. पहिले दोन-तीन आठवडे हे जड जाईल. सहाही व्हिडिओ एकदम बदलण्याऐवजी या एका पाठापासून आरंभ करावा.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत संगणक कक्ष आहे, पण इंटरनेट बहुतेक वेळा नसते, आणि मुलांकडे फोन नाहीत. अशा ठिकाणी ऑनलाइन पाठ तयार करण्यात अर्थ आहे का? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : निश्चित आहे. वरच्या उत्तरातला पाठ घरीच झाला पाहिजे असे नाही; तिघांत एक संगणक घेऊन तो कक्षातच करता येतो. पहिल्या प्रश्नावर तिघांचे एकमत होईपर्यंत पुढे जायचे नाही, असा नियम ठेवल्यास घरी एकट्याने केलेल्या पाठापेक्षा तो अधिक सकस होतो. संगणक एकमेकांना जोडण्यासाठी ‘कोलिब्री’ ही विनामूल्य प्रणाली पाहावी. ती एका साध्या लॅपटॉपवर बसवली की कक्षातील इतर संगणक स्थानिक वाय-फायने त्याला जोडले जातात. आपले व्हिडिओ आणि प्रश्न गावातल्या इंटरनेटवरून एकदा चढवून पेन ड्राइव्हने शाळेत आणता येतात. ‘दीक्षा’ या शालेय साहित्याच्या सरकारी ॲपवरील साहित्यही आधी उतरवून ठेवता येते.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील आकृत्या आणि इतरांच्या व्हिडिओंचे तुकडे मी माझ्या पाठात वापरू शकतो का? (एक प्राध्यापक, पुणे)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतीला सवलत आहे. परंतु तोच पाठ यूट्यूबवर सर्वांसाठी खुला केला की या सवलतीवर विसंबू नये. आपल्या वर्गापुरता पाठ लॉगिन लागेल अशा जागी ठेवावा. जो जगासाठी खुला करायचा आहे, त्यात स्वतः काढलेल्या आकृत्या किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरू दिलेली, चित्रे घ्यावीत. विकिमीडिया कॉमन्सवर ती विपुल आहेत. चित्रकाराचे नाव, परवाना आणि दुवा चित्र उतरवतानाच त्याखाली लिहावा, कारण महिन्याभराने तो शोधताना फार वेळ जातो. विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावे मात्र खुल्या पाठात येऊ देऊ नयेत.