टोकन एक्स्चेंजवर लिस्ट करायचंय? आधी एवढं बघा

निपाणीच्या एका सदस्याने विचारलंय: तिघा मित्रांनी बीएनबी चेन या ब्लॉकचेनवर टोकन, म्हणजे स्वतःचं क्रिप्टो नाणं, काढलंय, गावातल्या दुकानांत खरेदीवर बक्षीस म्हणून ते द्यायचा बेत आहे. टेलिग्रामवरचा एकजण 'मोठ्या एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारात) लिस्ट करून देतो, दोन लाख आगाऊ' म्हणतोय. त्यासाठी नातेवाइकांकडून पैसे जमवायलाही सुरुवात झालीय. तर अर्ज कसा करायचा?

भाऊ, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. मोठ्या एक्स्चेंजचा अर्ज त्यांच्याच साइटवर असतो आणि तो टोकन काढणाऱ्यांनीच भरायचा असतो. दलालांपासून सावध राहा असं बायनान्स हे मोठं एक्स्चेंज स्वतःच सांगतं. समोरच्याचा ईमेल किंवा टेलिग्राम आयडी खरंच त्यांच्या माणसाचा आहे का, हे 'बायनान्स व्हेरिफाय' या त्यांच्या पानावर तपासता येतं. आजच तपासा.

आता अर्जाचं. व्हाइटपेपर (टोकनची योजना मांडणारा दस्तऐवज), संस्थापकांची केवायसी, कंपनीची नोंदणी, वकिलाचं मत, कोडचा ऑडिट रिपोर्ट ही कागदं बहुतेक सगळीकडे मागतात. तुमचं निम्मं काम कोल्हापुरात होत असलं तरी पत्ता निपाणीचा, म्हणजे कंपनी किंवा एलएलपीची नोंदणी बेंगळुरूच्या रजिस्ट्रारकडेच होणार. हे सगळं धावपळ करून जमतं. अर्ज अडतो तो दुसरीकडे.

तुमचा कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस (टोकनच्या कोडचा पत्ता) बीएससीस्कॅनवर, म्हणजे बीएनबी चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाका आणि 'होल्डर्स', म्हणजे टोकन कुणाकडे किती आहेत ती यादी, उघडा. पहिल्याच वॉलेटमध्ये ८०-९० टक्के टोकन दिसले, तर तपासणारा पुढचं व्हाइटपेपर उघडायच्या भानगडीत पडत नाही. मग 'कॉन्ट्रॅक्ट' बघा. सोर्स कोड व्हेरिफाय केलाय का? त्यात 'मिंट', म्हणजे नवे टोकन छापायचं, फंक्शन आहे का, आणि ते चालवायचा अधिकार कुणाकडे? तो एकाच पोराच्या मोबाइलमधल्या मेटामास्क वॉलेटकडे असेल तर त्याने मनात आणलं की रातोरात हवे तेवढे टोकन छापले. मिंट बंद करा, किंवा तिघांपैकी दोघांच्या सहीशिवाय चालणार नाही असं मल्टिसिग वॉलेट ठेवा. तुमच्या वाट्याचे टोकन वेस्टिंगमध्ये कुलूपबंद करा, म्हणजे ते ठरलेल्या मुदतीने थोडे थोडेच मोकळे होतील. २०२१ मध्ये स्क्विड टोकनचा भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. बहुतेक लोकांना ते विकताच येत नव्हतं. तेव्हापासून कोडमधली अशी दारं सगळेच बारकाईने शोधतात.

पॅनकेकस्वॅप या बीएनबी चेनवरच्या खुल्या एक्स्चेंजवर कुणाची परवानगी लागत नाही हे खरं. पण तिथल्या पूलमध्ये (ज्यातून खरेदी-विक्री होते आणि ज्यातल्या प्रमाणावर भाव ठरतो त्या साठ्यात) स्वतःचे पैसे घालावे लागतात, आणि त्याचा हिशोब नीट समजून घ्या. समजा ₹१ लाखाचे बीएनबी (त्या चेनचं मूळ नाणं) आणि तेवढ्याच किमतीचे टोकन घातलेत. एका माणसाने चालू भावाने ₹५०,००० चे टोकन विकायला काढले. फी सोडून त्याच्या हाती साधारण ₹३३,३०० पडतात, आणि टोकनचा भाव निम्म्याहून खाली येतो. एकाच विक्रीत! लिस्ट झालं म्हणजे भाव वाढतो असं नातेवाइकांना सांगितलं असेल तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा. समोर रोज घेणारा गिऱ्हाईक नसेल तर लिस्टिंगने फक्त विकायचं दार उघडतं.

आणि मुळात तुम्हाला एक्स्चेंज हवंच कशाला? तुमची कल्पना चांगली आहे, मनापासून सांगतो. किराणा घेतला, पॉइंट मिळाले, पुढच्या वेळी सवलत. एवढ्यासाठी बाजारभाव लागत नाही, साधं ॲपही पुरतं. कायद्यानेही तोच रस्ता सोपा ठेवलाय: जून २०२२ च्या अधिसूचनेने फुकट मिळणारे आणि फक्त वस्तू, सेवा किंवा सवलत घ्यायला चालणारे रिवॉर्ड पॉइंट आभासी डिजिटल मालमत्तेच्या (करकायद्यात क्रिप्टो यातच येतं) व्याख्येतून वगळलेत. एकदा का एक्स्चेंजवर खरेदी-विक्री सुरू झाली की ते संरक्षण जातं. मग नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. दुकानातल्या मावशींना चाळीस रुपयांच्या बक्षिसापायी या फेऱ्यात का ओढायचं?

इथल्या एक्स्चेंजकडेच जायचं असेल तर एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेकडे) नोंद असलेलंच निवडा. मार्च २०२३ पासून ते मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत.

सगळ्यात जास्त काळजी मला त्या जमवलेल्या पैशांची वाटतेय. आपल्या सीमाभागात बुडालेल्या सोसायटीच्या दाराशी पासबुक घेऊन उभी राहिलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील की. 'लिस्ट झाल्यावर दुप्पट करून देतो' म्हणून पैसे घेतले तर ते ठेव समजलं जाऊ शकतं, आणि बेकायदा ठेवींविरुद्ध २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांसाठी २००४ चा कर्नाटकचाही. तिघांपैकी कुणाचाच हेतू वाईट नाही हे मी मानतो, पण तक्रार झाली तर पोलीस आधी बोललेला शब्द आणि घेतलेली रक्कम बघतील.

म्हणून या आठवड्यात घेतलेले पैसे परत करा, रोख नको, बँक खात्यातून, म्हणजे नोंद राहील. ते झालं की होल्डर्सच्या पानाचा स्क्रीनशॉट इथे टाका. वाटप कसं बदलायचं आणि मिंटचं काय करायचं ते बसून बघू.