मिशिगनच्या मिठापासून पिकअप वाचवायची तर

पिकअप छान घेतलीस! इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने गाडी खालून गंजते. म्हणून आता ऑक्टोबरातच, रस्त्यावर मीठ पडायच्या आत, खालची बाजू धुऊन पूर्ण कोरडी कर आणि लॅनोलिनचा फवारा मार. हे मेंढीच्या लोकरीतलं मेण. ते वाळून कडक होत नाही, सांध्यांत झिरपतं. दरवर्षी पुन्हा मारावं लागतं.

नवीन माणसं हमखास काळा रबरी थर मारून घेतात. तो तडकला की खारं पाणी आत कोंडतं. माझ्या जुन्या गाडीचा थर वरून तुकतुकीत होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

- चॅसीच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) पोकळ भागांत आतूनही फवारा मार, ते विसरू नकोस.
- ब्रेक आणि सायलेन्सरवर अजिबात नको.
- हिवाळ्यात तापमान शून्य सेल्सिअसच्या वर गेलं की खालून धुऊन घे.

एवढं केलंस तरी पहिला हिवाळा निभावेल.