वाचकांचे प्रश्न : सीपीयू म्हणजे तो डबा नव्हे

या वेळी सदराकडे आलेली बरीचशी पत्रे छात्राध्यापकांची आहेत. संगणकाची लेखी परीक्षा पार पडली, सरावपाठ सुरू झाले आणि पाठ केलेल्या व्याख्यांपैकी एकही वर्गात उपयोगी पडेना, असा त्यांचा साधारण सूर आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी भाषा विषयाची छात्राध्यापिका आहे. सरावपाठाच्या वेळी एका मुलाने विचारले, ‘बाई, सीपीयू म्हणजे हा डबा ना? मग पुस्तकात तो डब्याच्या आत एवढासा चौकोन का दाखवलाय?’ मला उत्तर देता आले नाही. जिला भाषा शिकवायची आहे, तिला संगणकाच्या आतले इतके कळायला हवे का?

उत्तर : मुलगा नीट पाहणारा आहे, चूक आपल्या बोलण्यातली आहे. टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की, ते कोणाला खटकतही नाही. त्या डब्याचे नाव कॅबिनेट. सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा त्याच्या आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर बसवलेला, जेमतेम काडेपेटीएवढा चपटा तुकडा असतो, आणि कॅबिनेट उघडले तरी तो सहसा दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यावर उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म खटके होते; आजच्या प्रोसेसरमध्ये ते अब्जावधी असतात. काम मात्र तेच राहिले आहे : आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची आणि पुढची उचलायची. ‘३ गिगाहर्ट्झ’ याचा अर्थ इतकाच की, या कामाला ताल देणाऱ्या घड्याळाचे सेकंदाला ३ अब्ज ठोके पडतात.

आता तुमचा खरा प्रश्न. कळायला हवे, पण व्याख्या म्हणून दाखवण्यासाठी नव्हे. तीस-चाळीस मुले समोर बसलेली असताना यंत्र अडले, तर ते नेमके कुठे अडले हे शिक्षकाला ओळखता यावे, एवढ्यासाठी. दुरुस्ती दुसरा कोणी करील. ‘चालत नाही’ आणि ‘अमुक ठिकाणी थांबते’ या दोन वाक्यांतले अंतर मात्र तुमचे आहे. संगणक सुरू होत नाही असे समजा. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर वीज पोचलेली नाही. आधी वायर आणि पाठीमागचा खटका पाहावा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर संशय मॉनिटरच्या वायरवर किंवा खाचेत सैल झालेल्या रॅमवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर घ्यावा. उत्पादकाचे नाव पडद्यावर येते आणि मग गाडी तिथेच उभी राहते, तर मदरबोर्डवरचा फर्मवेअर, म्हणजे यंत्र जागे करणारा चिपमधला प्रोग्रॅम, सुरू झाला आहे, पण बहुधा त्याला डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टम (विंडोजसारखा मुख्य प्रोग्रॅम) सापडत नाही. कधी कधी याचे कारण कोणीतरी लावून विसरलेला पेनड्राइव्ह एवढेच असते. फर्मवेअर त्यातच सिस्टम शोधत बसतो. ऑपरेटिंग सिस्टम नीट सुरू होऊन फक्त तुमचा पाठ उघडत नसेल, तर हार्डवेअरकडे बोट दाखवण्याचे सहसा कारण उरत नाही.

परीक्षेत ‘हात लावता येतो ते हार्डवेअर आणि येत नाही ते सॉफ्टवेअर’ असे लिहून गुण मिळतात, आणि ते खोटेही नाही. पण फर्मवेअर हे चिपमध्ये वस्तीला असलेले सॉफ्टवेअर आहे, हे त्या वाक्यातून कधीच कळत नाही. वर दिलेला सुरू होण्याचा क्रम एकदा मुलांसमोर बोलून दाखवला, तर एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रे कशी जातात हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

प्रश्न : ‘मेमरी फुल झाली’ असे आपण फोनबद्दलही म्हणतो आणि संगणकाबद्दलही. रॅम आणि डिस्क यांतला फरक मला लिहिता येतो, समजावता येत नाही. शिवाय ५०० जीबीची डिस्क संगणक ४६५ जीबी दाखवतो, ती उरलेली ३५ कुठे जाते? आमच्या प्रयोगशाळेतले संगणक फार मंद आहेत. काय वाढवून मागावे?

उत्तर : शिक्षकाला या फरकासाठी उपमा शोधायला लांब जावे लागत नाही. रॅम म्हणजे फळा आणि डिस्क म्हणजे वही. तासाला जे चालले आहे ते फळ्यावर असते, कारण तिथे झटपट लिहिता आणि पुसता येते. फळ्याची जागा मर्यादित असते आणि तास संपला की तो कोरा होतो. वहीत लिहायला वेळ लागतो, पण तिथले उद्याही सापडते. टाइप केलेला परिच्छेद ‘सेव्ह’ करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवणे. वीज गेल्यावर पाठटाचणाची शेवटची दोन पाने का नाहीशी झाली, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

एखादा चौकस विद्यार्थी पुढे विचारील की, फळा तर कोणी पुसेपर्यंत तसाच राहतो, मग वीज जाताच रॅममधले का जाते? इथे उपमा लंगडी पडते, हे मोकळेपणाने मान्य करावे. रॅममधला प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, हा एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागात) ठेवलेला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम वाचून पुन्हा लिहावी लागते. आपोआप पुसट होत जाणारा फळा आणि सेकंदाला पंधराएक वेळा त्यावरची अक्षरे गिरवणारा कोणीतरी, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. वीज गेली की तो गिरवणारा थांबतो. मला स्वतःला उपमेपेक्षा तिच्या मोडण्याची ही जागा शिकवायला अधिक आवडते.

हरवलेल्या ३५ जीबींचा खुलासा गणिताचा आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट धरतात. विंडोज १,०२४ × १,०२४ × १,०२४ असा गुणाकार करून येणाऱ्या १,०७,३७,४१,८२४ बाइटना १ जीबी म्हणते. ५०० अब्जाला या संख्येने भागले की ४६५ आणि काही अपूर्णांक येतो. चोरी झालेली नाही, माप वेगळे आहे.

मंद संगणकांबाबत मागणी लिहिण्यापूर्वी एक पाहणी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यात मेमरीचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, तर रॅम वाढवावी. मेमरी मोकळी आहे आणि डिस्कचा आकडा मात्र मिनिटामिनिटाला शंभरावर जातो, तर जुनी फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क बसवावी. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणाऱ्या शीर्षाला योग्य जागी सरकत जावे लागते. एसएसडीत हलणारा भागच नसतो. जुन्या यंत्रात केलेला हा एक बदल नव्या प्रोसेसरपेक्षाही जास्त जाणवतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : घरी रात्रभर बसून तयार केलेले सादरीकरण सरावपाठाच्या संगणकावर उघडले, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला आणि चित्रफितीच्या जागी काळा चौकोन. पाठनिरीक्षक मागच्या बाकावर बसले होते. माझे काय चुकले?

उत्तर : हा प्रसंग माझ्यावरही एकदा आला आहे, आणि तोही ‘संगणकाचा शिक्षणात वापर’ याच विषयावर बोलताना, तेव्हा तुमच्या अवस्थेची मला पूर्ण कल्पना आहे. तुमच्या फाइलमध्ये दोन स्वतंत्र दोष होते.

पहिला दोष फॉन्टचा. तुम्ही जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरला असणार. त्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेच जात नाही. साठवले जाते रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर देवनागरी आकाराचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि खालचे रोमन अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. ‘क’ म्हणजे २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २३६७. ‘कि’ लिहिताना कागदावर वेलांटी आधी दिसते, पण फाइलमध्ये आधी २३२५ आणि मग २३६७ असेच साठवले जाते, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटीची कळ आधी दाबावी लागे, तिचे कारण हेच की तिथे उच्चार नव्हे, आकार साठवला जाई.

यातून निदानाची एक सोपी खूण मिळते. रोमन अक्षरे दिसली तर मजकूरच जुन्या पद्धतीचा आहे आणि तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल. रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये शाबूत आहे. त्या यंत्रातल्या फॉन्टकडे त्या अक्षरांचे आकार नाहीत, एवढेच. पहिल्यात फाइल बदलावी लागते, दुसऱ्यात फॉन्ट घातला की भागते.

दुसरा दोष चित्रफितीचा. सादरीकरणात चित्रफीत दोन प्रकारे ठेवता येते : फाइलच्या पोटात, किंवा केवळ तिच्या पत्त्याच्या रूपाने. पत्ता तुमच्या घरच्या संगणकातल्या फोल्डरचा असेल, तर वर्गातल्या संगणकाला तिथे काहीच सापडणार नाही. ओळखण्यासाठी फाइलचा आकार पाहावा. तीन मिनिटांची स्पष्ट चित्रफीत असूनही सादरीकरण अवघे एक-दोन एमबीचे असेल, तर चित्रफीत बाहेरच राहिली आहे.

यापुढे सादरीकरण, चित्रफिती आणि फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर अख्खा न्यावा आणि सोबत सादरीकरणाची पीडीएफ प्रतही असू द्यावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बांधलेला असतो, त्यामुळे मांडणी हलत नाही. चित्रफीत मात्र तीत चालेलच असे नाही.

प्रश्न : प्रोजेक्टर जोडला की कधी ‘सिग्नल नाही’ असे येते, तर कधी चित्र येते आणि लॅपटॉपचा आवाज बंद होतो.

उत्तर : विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबावी, दोन्हीकडे एकच चित्र दाखवणारा ‘डुप्लिकेट’ हा पर्याय निवडावा. तरीही सिग्नल नसेल, तर बहुधा प्रोजेक्टरवर ‘सोर्स’ म्हणून दुसरीच वाट निवडलेली असते. आवाजाबद्दल : पंधरा पिनांची जुनी व्हीजीए वायर फक्त चित्र नेते. एचडीएमआय चित्राबरोबर आवाजही नेते, आणि म्हणूनच तो लॅपटॉपमधून नाहीसा होऊन प्रोजेक्टरच्या क्षीण स्पीकरकडे जातो. पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून तो परत वळवता येतो.

प्रश्न : मोफत मिळते म्हणून एका मित्राकडून मायक्रोसॉफ्ट ऑफिसची ‘क्रॅक’ केलेली प्रत घेतली आहे. शिकवण्यासाठीच वापरतो, त्यात गैर काय? आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हेच का?

उत्तर : नाही. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत हे आपले सुदैव. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तिथे हा घोळ कायमचा आहे. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने १९८३ साली मुक्त ऑपरेटिंग सिस्टम बनवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि त्या चळवळीतून पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ ठरला : ते हव्या त्या कामासाठी वापरण्याची, आतून अभ्यासून बदलण्याची, त्याच्या प्रती वाटण्याची आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याची मोकळीक. १९९१ साली सुरू झालेले लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टम) आणि २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले लिबरऑफिस (लेखन-सादरीकरणाचा प्रोग्रॅमसंच) ही त्याची रोजच्या वापरातली उदाहरणे. तुमच्याकडची प्रत मोफत आहे, मुक्त नाही, आणि परवान्याचा भंग शिकवण्याच्या कारणाने धुऊन निघत नाही.

नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतो. ज्याने कुलूप तोडले, त्याने आत आणखी काय ठेवले हे तुम्हाला कळत नाही, आणि अशा प्रतींना सुधारणा नीट मिळत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. फटका बसला तो मुख्यतः ती न घेतलेल्या यंत्रांना. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ पेलणार नाही अशा जुन्या यंत्रावर लिनक्स घालून पाहणे हा उत्तम पर्याय आहे, आणि त्यासाठी आधी काही पुसावेही लागत नाही. पेनड्राइव्हवरून ते नुसते सुरू करून कीबोर्ड, वाय-फाय आणि प्रोजेक्टर चालतात का ते तपासता येते. मराठी टंकलेखन चालते का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.