पाण्यात माशाचा डीएनए सापडला म्हणजे खाणीखालची नदी ठीक आहे असं समजायचं का?

तुम्ही विचारलंय की कॅनडातल्या एका खाणीच्या रिपोर्टमध्ये पाण्यात ट्राउट माशाचा डीएनए सापडला असं लिहिलंय, मग नदी चांगली आहे ना? मी ब्रिटिश कोलंबियात असलं सॅम्पलिंग करते आणि माझं स्पष्ट उत्तर "नाही" असं आहे, त्यातून फक्त मासा आहे एवढंच कळतं.

टेस्ट मात्र खरंच भारी आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, झडलेल्या पेशी यातून डीएनए पाण्यात येत राहतो, आपण एक-दोन लिटर पाणी बारीक फिल्टरमधून ओढायचं आणि फिल्टर लॅबला पाठवायचा. याउलट गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांनी मासे अडकवणाऱ्या जाळ्यात, मासे मरतात, आधीच कमी उरलेल्या जातीसाठी ते मला अजिबात पटत नाही.

पण ब्रिटिश कोलंबियातल्याच एल्क व्हॅलीचं बघा. तिथे कोळशाच्या खाणींच्या दगडमातीच्या ढिगांमधून सेलेनियम हे मूलद्रव्य नदीत उतरतं, ते मादीच्या शरीरातून अंड्यात जातं आणि पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात किंवा मरतात, मोठा मासा मात्र वरून धडधाकट दिसतो. तिथल्याच फोर्डिंग नदीच्या वरच्या भागात 2017 ते 2019 मध्ये मोठे कटथ्रोट ट्राउट (ट्राउटची एक जात) तब्बल 93 टक्क्यांनी घटले. आता उरलेल्या थोड्या माशांचा डीएनएसुद्धा पाण्यात येणारच ना, म्हणजे नुसतं आहे-नाही बघणाऱ्या टेस्टमध्ये 2019 लाही "आहे" असंच येऊ शकतं! डीएनए किती सापडला यावरून संख्या काढावी तर तो पाण्याचं तापमान, प्रवाह, ऊन यानुसार बदलतो.

शिवाय डीएनए प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर वाहत येतो, त्यामुळे खाणीच्या खालच्या प्रवाहात सापडलेला डीएनए वरच्या स्वच्छ ओढ्यातल्या माशाचा असू शकतो, म्हणून वरचं आणि खालचं दोन्ही सॅम्पल लागतंच. आणि "नाही" आलं तरी लगेच मान्य करू नका, गढूळ पाण्यात फिल्टर चोंदतो आणि धातू किंवा कुजलेल्या पाल्यातले पदार्थ पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधण्याची लॅबमधली प्रक्रिया, अडवतात, ते तपासलं होतं का हे आधी विचारा. अजून एक, कटथ्रोट आणि रेनबो ट्राउटचा संकर होतो आणि नेहमीच्या टेस्टमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडून आलेला डीएनए बघतात, त्यात संकर दिसतच नाही.

तेव्हा त्या रिपोर्टमध्ये वरचं सॅम्पल, कोऱ्या पाण्याचा कंट्रोल (बाहेरचा डीएनए मिसळला नाही ना हे तपासायला घेतलेलं डीएनए नसलेलं पाणी) आणि अंड्यांमधल्या सेलेनियमचे आकडे आहेत का ते बघा, नसतील तर लेखी मागा.